पिंजरा क्रमांक तेरा ते सोळा

वाशिम,
९ जून २०२५

उकंडराव मामा,

राम राम. मी पौर्णिमा. पाकिटावर नाव मुद्दाम टाकलं नाही, नाहीतर तुम्ही ते न उघडताच चुलीत घातलं असतं.

तुमचा फोन चारदा लावला. दोनदा वाजून कट झाला. दोनदा प्रयागमामींनी उचलला आणि "ते वावरात गेले" म्हणाल्या. मागे तुमचा खोकला स्पष्ट ऐकू येत होता. केनवडची वावरं आता घरात आणून ठेवली आहेत का? खोकल्यावर काही घेता की नाही ते आधी कळवा.

इकडे कॉलेजात सगळं ठीक. तुमच्या जागी एजन्सीने जो नवा माणूस दिलाय तो दोन-दोन हातमोजे घालून उंदीर धरतो आणि धरताना स्वतःच ओरडतो. उंदीर बिचारा गप्प असतो. मला तुमची फार आठवण येते. पहिल्या दिवशी मी पिंजऱ्यापासून तीन हात लांब उभी होते. तुम्ही म्हणालात, "मॅडम, डाक्टर व्हाचं हाय ना? मंग पयले त्याले तुमचा वास घेऊ द्या. तो पास करीन, मंग सर करतीन." आणि एक पिल्लू सरळ माझ्या तळहातावर ठेवलंत. अकरा वर्षं तुम्ही ते ॲनिमल हाऊस सांभाळलंत, माझ्यासारख्या किती भित्र्या पोरी पाहिल्या असतील.

प्रयोग मेअखेरीस संपला. तुम्हाला सगळं पाठ आहे, पण प्रबंध लिहून लिहून मला प्रत्येक गोष्ट मुळापासून सांगायची खोड लागली आहे, तेवढं सोसा. छत्तीस उंदीर, अठरा पिंजरे. पहिल्या सहा पिंजऱ्यांना साधं धान्याचं खाद्य. पुढच्या सहांना साखर ठासून भरलेलं. शेवटच्या सहांना तेच साखरेचं खाद्य, पण त्यात आपली पांढरी पावडर मिसळलेली. आठ आठवड्यांनी कोणाच्या दाढा किती किडल्या ते पाहायचं. तर पावडर लागू पडली! साखरवाल्यांच्या दाढा पोखरून गेल्या आणि पावडरवाल्यांच्या बऱ्याच वाचल्या. सर खूश आहेत. ३१ जुलैला प्रबंध जमा करायचा आहे.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी तुमच्याबद्दल तक्रार गेली आणि दोन दिवसांत तुम्हाला जावं लागलं, ते व्हायला नको होतं. मला वाईट वाटलं.

एक सहज विचारते. त्या दिवशी पंधरा नंबरच्या पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा दिसला, तेव्हा तुम्ही "आजच देल्ली मॅडम, येकदाच" म्हणाला होतात. ते खरंच एकदाच होतं ना? कागदावर नोंद हवी म्हणून विचारते, बाकी काही नाही. सोबत माझा पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलं आहे. एक ओळ पुरे.

तुमची,
पौर्णिमा

---

वाशिम,
२७ जून २०२५

मामा,

केनवडची बस रोज येते, तुमची एक ओळ अठरा दिवसांत येत नाही. काल मी चिडून तुम्हाला मनातल्या मनात बरंच बोलून घेतलं. मग लक्षात आलं की रागवायचा हक्क तुमचा आहे, माझा नाही. तेव्हा ते सगळं परत घेते.

आणि खरं सांगते. मी "सहज" लिहिलं होतं, ते सहज नव्हतं.

पावडरच्या सहा पिंजऱ्यांपैकी तेरा, चौदा, पंधरा, सोळा यांतल्या उंदरांच्या दाढा जवळजवळ स्वच्छ निघाल्या. सतरा आणि अठरामधल्यांच्या मात्र साखरवाल्यांइतक्याच किडल्या होत्या. खाद्य एकाच पोत्यातलं, पावडर एकाच डब्यातली. मी सगळ्यांची मिळून सरासरी काढली. सरासरीत सतरा-अठरा झाकले गेले. सर म्हणाले, "जिवंत जनावर आहे, थोडाफार फरक पडतोच." मीही मान डोलावली. डोलवायला बरं वाटत होतं.

पण तेरा ते सोळा कुठे होते? दाराजवळ, खालच्या फळीवर, तुमच्या स्टुलासमोर. सतरा-अठरा जागा पुरली नाही म्हणून वरच्या फळीवर गेले होते. तुमचा हात तिथे पोचत नव्हता.

त्या खोलीत अन्न न्यायचं नाही अशी पाटी भिंतीवर आहे. आणि मीच तुम्हाला बजावलं होतं की दुपारी खोली सोडू नका. एप्रिलमध्ये लाइट जायची, पंखे बंद पडले की उंदीर धापा टाकायचे, कोणीतरी ओली पोती खिडकीला लावायला हवं होतं. मग तुम्ही डबा खाणार कुठे? हे मला आज सुचतंय असं नाही. तेव्हाही दिसत होतं. माझी सोय होत होती म्हणून मी पाहिलं नाही.

डबा उघडला की तुम्ही समोर असेल त्याला "या जेवाले" म्हणायचात. झाडूवाल्या बाईंना, मला, एकदा तर मीटर पाहायला आलेल्या अनोळखी माणसाला. तो बिचारा गोंधळला आणि खरंच बसला! समोरचा बसल्याशिवाय किंवा "नको" म्हटल्याशिवाय तुम्ही पहिला घास मोडला नाहीत. मग त्या खोलीत रोज दुपारी समोर कोण होतं, मामा? चार पिंजऱ्यांतले आठ उंदीर, नाक जाळीला लावून. आणि ते काही "नको" म्हणणाऱ्यांतले नव्हते.

भाकरीने पोट भरलेला उंदीर साखरेचं खाद्य कमी खाणार. मग दाढा पावडरीने वाचल्या की भाकरीने, कसं सांगायचं?

हे काम मला का हवं होतं ते तुम्हाला एकदा सांगितलं होतं. आई-बाबा ऊसतोडीला जायचे, मीही सोबत. दिवसभर हातात उसाचं कांडं, सकाळ-संध्याकाळ चहात बुडवलेलं बिस्किट. पाच वर्षांची होईपर्यंत माझे पुढचे दात कोळशासारखे झाले होते. रिठदच्या शाळेत पोरं मला हसवायची, दात दिसावेत म्हणून. आता दात चांगले आहेत, तरी हसताना हात तोंडावर जातोच. तर मला अशी एक स्वस्त पावडर हवी होती, जी बिस्किटात मिसळली की तांड्यावरच्या लेकरांचे दात वाचतील. इतकी हवी होती की ती सापडल्यावर मी तिला फार प्रश्न विचारले नाहीत.

म्हणून खरं कळवा. किती दिवस, आणि कोणकोणत्या पिंजऱ्यांना?

पौर्णिमा

---

केनवड
ता. ६ जुलै

पौर्णिमा मॅडमले उकंडरावचा राम राम.

तुमचे दोनी कागद भेटले. खोकला आता बरा हाय. सोयाबीन पेरलं, निंदाले मानूस भेटत नाही म्हनून लेहाले उशीर झाला.

भाकर मी येकदाच देल्ली होती. पंधरा नंबरले. तुमी बिनघोर पुस्तक जमा करा. कोनी इचारलं तं मी तसं लेहून देतो, सही करतो. तुमच्या दोन वर्साच्या मेहनतीचं काम हाय, मनात शंका आनू नोका.

तो चवदा नंबरातला लंगडा कसा गेला? त्याले तरास तं नाही झाला? लय शाना होता. पयले चार दिवस पाठ फिरवून बसे, मंग माह्या बोटावर पाय ठेवून आरामात खाये. बाकीचे हिसकत, हा नाही.

माहं येक काम होतं. माही नात मंजू, आता पाच वर्साची झाली. तिचे समोरचे दात काये पडले हायेत, अन् येक दाढ ठनकते. पोरगी बिस्कुट सोडत नाही, आन् तिची आजी देल्ल्याशिवाय राहत नाही. पुस्तक जमा झालं का ते पांढरं औषध थोडंसं पाठवा. दुधात द्याचं का पान्यात ते बी लेहा. तुमच्या हातचं हाय, मले भरोसा हाय.

उकंडराव

---

वाशिम,
१० जुलै २०२५

मामा,

तुम्हाला खोटं बोलता येत नाही. उभ्या जन्मात येणार नाही. एकदाच दिलेल्या भाकरीसाठी कोणता उंदीर चार दिवस पाठ फिरवून बसतो आणि पाचव्या दिवशी बोटावर पाय ठेवतो? तोही पंधरा नंबरच्या पिंजऱ्यातला नव्हे, चौदाच्या! मी कॉलेजच्या पायरीवर बसून मोठ्याने हसले. मग मंजूच्या ओळींपर्यंत आले आणि हसू तिथेच थांबलं.

पावडर पाठवणार नाही. कोणी दिली तरी मंजूला देऊ नका. दुधात नाही, पाण्यात नाही. ती कामाची आहे असं मी प्रबंधात लिहिलंय, पण मला ते माहीत नाही. आणि मी ते छापून आणलं असतं तर ती पावडर पहिल्यांदा तुमच्याच घरात गेली असती. तिच्या दाढेसाठी थांबू नका. सिव्हिल लाइनला एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे. मामींना सांगा, मंजूला घेऊन या, माझं नाव सांगा.

लंगड्याला त्रास झाला नाही. त्या दिवशी त्याला मीच धरलं होतं, नव्या माणसाच्या हाती दिलं नाही. तो धडपडला नाही. माझी बोटं हुंगत होता. काय शोधत होता ते मला आता कळलं.

आता जे दोन पत्रांत लिहायचं टाळलं, ते लिहिते.

तक्रार मी केली होती. "तक्रार गेली" असं मी लिहिलं, जणू ती आपल्या पायांनी चालत गेली. तुकडा पाहून मला राग आला होता हे खरं. पण रागावलेला माणूस ओरडतो आणि मोकळा होतो. मी टेबलाशी बसून दोन पानं लिहिली. पहिल्या पानावर तुमची चूक, दुसऱ्यावर मी किती नियमाने वागते त्याची यादी. त्या यादीत लिहिलं होतं की दर सोमवारी सगळे पिंजरे एकेक जागा पुढे सरकवले जातात.

मी ते एकदाही सरकवले नाहीत, मामा. अठरा पिंजरे उतरवायचे, पुसायचे, चिठ्ठ्या बदलायच्या, अर्धा दिवस जातो. मला कंटाळा यायचा. पुढच्या सोमवारी करू म्हणत आठ सोमवार गेले. नियम कशासाठी आहे तर दाराजवळची हवा, उजेड, माणसांची ये-जा सगळ्यांच्या वाट्याला सारखी यावी. सरकवले असते तर तुमची भाकरही सगळ्या गटांना थोडी थोडी मिळाली असती, तेच आठ उंदीर तुमचे रोजचे पाहुणे झाले नसते. तुमच्या तुकड्याने प्रयोग जितका बिघडला तितकाच माझ्या कंटाळ्याने. गेलात मात्र एकटे तुम्ही. आणि जाताना "येकदाच देल्ली" म्हणून गेलात, माझं वर्ष वाचावं म्हणून. तेही मला तेव्हा कळत होतं, असं मला वाटतं. मी समजून घ्यायचं टाळलं.

काल सरांना सगळं सांगितलं. तुमचं पत्र दाखवलं नाही, ते माझ्या नावाने आलेलं आहे. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "एका तुकड्यासाठी वर्ष घालवतेस?" मी म्हटलं, सर, तुकडा नाही, पाच आठवडे आहेत. ते म्हणाले, "हे कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं, मला कळलंय. हे वाक्य मी ठणकावून म्हटलं असं वाटू देऊ नका. रडत म्हटलं.

आज प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला अर्ज दिला. पावडरच्या गटाचे आकडे मागे घेते, प्रयोग पुन्हा करायची परवानगी हवी. पिंजरे सरकवल्याची नोंद खोटी होती. तुम्हाला दुपारी तिथे मीच बसवलं होतं. आणि तुमच्यावरचा ठपका काढावा. एजन्सीच्या राजपाललाही त्याची प्रत दिली.

तुमची माफी मागते. तिथे येऊन मागायला हवी होती, पण दार बंद झालं तर काय, या भीतीने लिहून मागते आहे.

पौर्णिमा

---

केनवड
ता. १४ सप्टेंबर

पोरी पौर्णिमा,

कागद येऊन दोन मयने झाले. वाचला, खिशात ठेवला, सदरा धुवाले टाकताना काढला, परत ठेवला. राग आला होता.

तक्रारीचा नाही. तक्रार तुमची हाय हे मले पयल्याच दिवशी माहीत होतं. राजपालनं सही घ्यासाठी कागद समोर ठेवला, अक्षर तुमचं. वर्षभर पिंजऱ्याइच्या चिठ्ठ्या वाचल्या म्या, अक्षर नाही वयखू येत का मले? घरी येऊन प्रयागले बी नाही सांगतलं. तिनं तुमाले शिव्या देल्ल्या असत्या.

राग याचा आला, का तवाच काहून नाही बोलल्या? मामा, तुमी चुकले अन् मी बी चुकली, येवढं म्हनाले काय लागत होतं? दोघं मियून सरकडे गेलो असतो. रोज देत होतो म्हनून मी बी सांगतलं असतं. कोनाच्या समोर येकट्यानं खानं मले जमत नाही, जनावर असो का मानूस. पन कामात ते चालत नाही हे मले समजाले पाह्यजे होतं. तं मी तुमाले वाचवाले गेलो, अन् तुमी सोताले.

परवा राजपालचा फोन आला. म्हने मॅडमनं समितीसमोर उभं राहून सांगतलं का चूक माही बी हाय. म्हने परत या. मी अजून हो म्हनलं नाही.

मंजूले प्रयाग घेऊन गेली होती त्या डाक्टरीनबाईकडे. दाढेत सिमेंट भरलं, ठनका गेला. समोरचे तसेच काये हायेत. घरी कोनी आलं का पोरगी तोंड मिटून बसते. मले रोज इचारते, वाशिमच्या मावशीनं औषध पाठवलं का? ते खरंच काही कामाचं नाही का? तिले काय सांगू?

उकंडराव

---

वाशिम,
२४ सप्टेंबर २०२५

मामा,

"मी तुमाले वाचवाले गेलो, अन् तुमी सोताले." ते खरं आहे.

औषध कामाचं आहे का? माहीत नाही. दोन वर्षं राबून हेच उत्तर हाती आहे. थोडं कामाचं असेल, मुळीच नसेल. पुन्हा पाहायला समितीने परवानगी दिली. या वेळी गट चार आहेत. चौथ्या गटाला साखरेच्या खाद्यासोबत रोज ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, काट्यावर मोजून. अर्ज वाचताना समितीतले एक जण म्हणाले, ही कल्पना कोणाची? मी तुमचं नाव सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं आहे, उकंडराव, मुक्काम केनवड. पिंजरे दर सोमवारी सरकणार. जेवण व्हरांड्यात, आणि तेवढा वेळ खोलीत मी बसणार.

मंजूला सांगा की मावशीकडे औषध नाही, आणि आजीने बिस्किटं कमी करावीत. तोंड मिटून बसते असं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला फार वाईट वाटलं, मला ते बसणं माहीत आहे. तिला हेही सांगा की उंदराला दाढा एकदाच येतात, गेल्या की गेल्या. तिचे काळे दात दुधाचे आहेत. माझे अगदी तसेच होते आणि शाळेत असताना एकेक करून पडले. तिचेही वर्षा-दोन वर्षांत पडतील आणि नवे येतील. तोवर तिने खुशाल तोंड उघडून हसावं.

मंगळवारी पिल्लं येतात. तुम्ही अजून हो म्हटलेलं नाही, आणि या म्हणायला मी कोण? पण सोमवारी सकाळी मी वाशिम स्टँडवर असेन, केनवडची गाडी लागते तिथे. तुम्ही उतरलात तर दोघं मिळून सरांकडे जाऊ. नाही उतरलात तर पुढच्या गाडीपर्यंत थांबेन.

पौर्णिमा